मागचे स्पीकर

वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती. व्हर्लिनने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर घेतला, हातातल्या दिव्याचा झोत मोटारसायकलच्या सीटखालच्या पोकळीत नीट धरला, तरी वायर कापलेलीच राहिली. तुटलेल्या वायरी त्याने आयुष्यात कमी पाहिल्या नव्हत्या. उंदरांनी कुरतडलेल्या, पाण्याने हिरव्या पडलेल्या, घासून घासून आतलं तांबं उघडं पडलेल्या. त्या दिसायलाच केविलवाण्या असतात. ही तशी नव्हती. ही कुणीतरी शांतपणे, चांगली धारदार पक्कड घेऊन कापली होती, दोन्ही टोकांवर रबराची टोपणं चढवली होती, टोकं मागे दुमडली होती आणि मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्याने मोठ्या जुडग्याला बांधून टाकली होती. बोटभर अंतरावर एकेक गाठ, आणि सगळ्या गाठी एकाच बाजूला. अशा गाठी मारणारा अख्ख्या ला क्रॉस गावात एकच माणूस व्हर्लिनला ठाऊक होता. ऑरिनने तरुणपणी हवाई दलात विमानांच्या वायरी बांधल्या होत्या आणि ती सवय त्याला अजून सुटली नव्हती. मोटारसायकल क्लबातली माणसं म्हणायची, हा बुटाची नाडीसुद्धा मेणाच्या दोऱ्याने बांधत असणार. ती थट्टा पहिल्यांदा व्हर्लिननेच केली होती.

तो चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसला होता. गाडीची सीट उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेली, दोन्ही बाजूंची आवरणं जुन्या ब्लँकेटवर निजवलेली, आणि भोवती नव्या स्पीकरांची खोकी. दोन स्पीकर पुढच्या काचेखाली बसवायचे, दोन मागच्या पेटीवर, मागे बसणारीच्या कानांच्या दोन बाजूंना, आणि त्या सगळ्यांना दम देणारा एक चपटा अ‍ॅम्प्लिफायर उजव्या डिकीच्या तळाशी. जुन्या यंत्रणेचा आवाज गाडीने जरा वेग घेतला की वाऱ्यात विरून जायचा. खरं सांगायचं तर व्हर्लिनला स्वतःला त्याचं फारसं काही नव्हतं. बिअरच्या कारखान्यात बाटल्यांच्या पट्ट्याशेजारी उभं राहून त्याचे कान केव्हाच निम्मे झाले होते. हा सारा खटाटोप मागच्या स्पीकरांसाठी होता. त्याची बायको मार्लिस शुक्रवारी नोकरीतून निवृत्त होणार होती. शनिवारी नदीकाठच्या रस्त्याने तिला घेऊन निघायचं, पुलावर पोचलं की संगीत सुरू करायचं आणि काही न सांगता तिच्या तोंडून 'अगं बाई' ऐकायचं, असा त्याचा बेत होता. गाडीतून तेल गळतंय अशी थाप मारून तो आठवडाभर गराजमध्ये राबत होता. बायकोला थाप मारल्याची त्याला मौज वाटत होती, आणि आत्ता त्या मौजेची आठवण होऊन त्याचे कान तापले.

आधी त्याने ऑरिनची बाजू घेऊन पाहिली. माणूस मित्राची बाजू आधी घेतो, तेवढी लाज प्रत्येकालाच असते. काहीतरी दुरुस्त करायला ऑरिनने ही वायर सोडवली असेल, मग जोडायची विसरला असेल. पण विसरणारा माणूस टोपणं चढवत नाही. आणि विसरणारा माणूस निवड करत नाही. इथे निवड होती. मागच्या पेटीतल्या स्पीकरांकडे जाणाऱ्या वायरी कापलेल्या होत्या. मार्लिसच्या हेल्मेटमधल्या इअरफोनकडे आवाज नेणारी वायर कापलेली होती. तिच्या तोंडासमोरच्या माइकची वायर मात्र तशीच, बिनधोक, व्हर्लिनच्या कानापर्यंत गेलेली होती. म्हणजे ती बोलली तर त्याला ऐकू यावं आणि तो बोलला तर तिला येऊ नये, अशी ही सोय होती. फार चोख काम होतं. कुठेही तांब्याचा एक केस मोकळा नव्हता. व्हर्लिनला एकाएकी आपण दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं पोट उघडून बसलोय असं वाटलं आणि त्याने उगाच टाकीवरचा जुना ओरखडा बोटाने चाचपून पाहिला. ओरखडा होता.

तो पेट्रोल पंपांचा विचार करू लागला. मागे बसणारीच्या हाताशी तिच्या आवाजाची स्वतंत्र खुंटी होती. पंपावर थांबलं की मार्लिस पाय मोकळे करायला जायची आणि हा नळी टाकीत घालून, तेवढ्यात ती खुंटी तपासायचा. दर वेळी आवाज कमी केलेला असायचा. "तुला ऐकू येत नसेल गं," म्हणून तो दर वेळी वाढवून ठेवायचा. ती यायची, खुंटीकडे बघायची, हेल्मेट घालायची. कधी एका शब्दाने काही म्हणाली नाही. घरी हीच बाई डिशवॉशरमध्ये ताटल्या कुठल्या तोंडाने लावाव्यात यावरून अर्धा रविवार भांडू शकत होती. गाडीवर मात्र तिच्यासारखी गुणी बायको दुसरी नव्हती. 'पुढे जाऊन जेवायचं की इथेच?' तो हँडलवरचं बोलण्याचं बटण दाबून विचारायचा, आणि तिचा खांद्यावर हात पडायचा, कानात आवाज यायचा, "तू म्हणशील तसं." वडिलांच्या वेळची अ‍ॅकॉर्डियनची पोल्का नाचाची धून लावली की, "छान." डोंगराच्या कड्यांवर गरुड दाखवला की, "हं." क्लबातल्या पुरुषांना तो अभिमानाने सांगायचा, बाबांनो, घरी पटत नसेल तर बायकोला गाडीवर बसवा, तिथे तिचा सूर लागतो. ऑरिन त्या वेळी कॉफीत साखर ढवळत असायचा. ऑरिन साखर घेत नव्हता, हे व्हर्लिनला आत्ता आठवलं.

गाडीच्या चौकटीला सगळ्यात खाली, जमिनीपासून वीतभर वर, एक जस्ताची छोटी घंटी लोंबत होती. ती स्वतःसाठी विकत घ्यायची नसते. कुणीतरी द्यावी लागते, आणि देणाऱ्याचा जीव आपल्यात असला तर रस्त्यावरची भुतंखेतं त्या घंटीत अडकून खाली पडतात, असं गाडीवाले मानतात. व्हर्लिनचा भुतांवर विश्वास नव्हता, घंटीवर होता. क्लबातल्या सगळ्यांच्या गाडीला घंटी होती आणि त्याच्याच नव्हती, असं कितीतरी वर्षं चाललं होतं. मार्लिसला तो सुचवत नव्हता, कारण सुचवून मिळालेली घंटी विकत घेतल्यासारखीच. मग एका एप्रिलमध्ये तिने आपणहून दिली. नुसती दिली नाही, ऑरिनच्या गराजमध्ये गाडी दोन दिवस ठेवून बसवून घेतली. 'तुला आयती लावलेली दिसावी म्हणून,' ती म्हणाली होती. दोन दिवस! एक स्क्रू आणि एक कडी, लहान मुलगी बसवील. गाडी परत आली तेव्हा व्हर्लिन गुडघे टेकून त्या घंटीकडे बघत राहिला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते, आणि मार्लिस व ऑरिन दोघं बाजूला उभे राहून त्याच्याकडे बघत होते. तो आता पुन्हा तिथेच, त्याच उंचीवर बसला होता. त्याने बोटाने घंटीला टिचकी मारली. ती बारीक आवाजात वाजली.

आणि मग ज्या गोष्टीपाशी तो इतका वेळ येत नव्हता तिच्यापाशी त्याचं मन आलंच. त्याने आधी झटपट हिशेब करून पाहिला, की पुलावरचं ते बोलणं आधी आणि घंटी, म्हणजे ही कापाकापी, नंतर असं तर नाही? पूल आधीचा निघाला असता तर बाकी सगळं तो सोसायला तयार होता. पण त्या दिवशी सकाळी पंपावर मार्लिसने वाकून रुमालाने घंटीवरचा चिखल पुसला होता. ते चित्र त्याच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं होतं, तिचा लाल रुमालसुद्धा. सप्टेंबर होता. आदल्या आठवड्यात डॉक्टरने त्याच्या छातीच्या फोटोत एक डाग दाखवला होता आणि 'बघू या' म्हटलं होतं. घरी त्याच्याच्याने बोलवेना. मार्लिस दिवसभर जिल्ह्याच्या तातडीच्या फोनवर बसायची, मरणाऱ्यांचे आणि घाबरलेल्यांचे आवाज ऐकून घरी यायची, तिच्यासमोर टेबलावर आपलंही एक मरण कुठून वाढायचं? आणि समोरासमोर बोलण्याची त्याच्या घराण्यात कुणाला सवयच नव्हती. निळ्या पुलावर चढता चढता त्याने बटण दाबलं. समोर मिसिसिपी, डोळ्यांत ऊन. तो म्हणाला, "मार्लिस, माझ्या छातीत काहीतरी निघालंय. मला भीती वाटते. खूप वाटते. घरी मला हे बोलता येणार नाही, तू विषय काढू नकोस. फक्त तुला कळलंय एवढं मला कळू दे." त्याने बटण सोडलं. तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. दोनदा थोपटलं आणि मग तो हात तिथेच राहिला, पूल संपेपर्यंत. त्यानंतर तीन आठवडे तपासण्या चालल्या. तो एकटा दवाखान्यात जायचा आणि घरी येऊन काही सांगायचा नाही, आणि तीही काही विचारायची नाही. त्या आठवड्यांत ती अ‍ॅपल पाय भाजायची, शेजारणीशी फोनवर खिदळायची, आणि तो दारातून बघत म्हणायचा, काय हिंमत आहे हिची, मला कळू देत नाही. डाग जुन्या कुठल्याशा तापाचा व्रण निघाला. तेही त्याने तिला पुन्हा पुलावरच सांगितलं होतं, आणि ती "छान" म्हणाली होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तो त्या शरद ऋतूत बायकोच्या नव्याने प्रेमात पडला होता. ते प्रेम त्याने कुणाला दाखवलं नव्हतं, पण तेव्हापासून तो त्याच्यावरच जगत आला होता.

ऑरिनचं घर तीन गल्ल्या पलीकडे. व्हर्लिन चालत गेला. ऑरिन अंगणात बादलीत मिठाचं पाणी करून जंगलातून आणलेल्या अळंब्या त्यात बुडवत होता. दर मे महिन्यात तो अळंब्या आणायचा आणि त्या कुठे उगवतात ते कुणालाही, अगदी स्वतःच्या बायकोलाही, सांगायचा नाही. त्याबद्दल क्लबात त्याचा मान होता.

"ये ये," ऑरिन म्हणाला. "घेऊन जा थोड्या. लोण्यात परतून दे, मार्लिसला आवडतात."

"मी आज सीट काढली," व्हर्लिन म्हणाला.

ऑरिनचा हात पाण्यात होता, तो पाण्यातच राहिला. "कशाला?"

"नवे स्पीकर बसवतोय. मागे. तिच्यासाठी."

"अरे देवा," ऑरिन म्हणाला आणि हळूहळू हात बाहेर काढून पँटला पुसला. "मला सांगायचंस ना लेका. मी बसवून दिले असते."

"हो, तू दिलेच असतेस."

एक किडा अळंबीतून बाहेर येऊन पाण्यात धडपडत होता.

"तिनं सांगितलं मला," ऑरिन म्हणाला. "म्हणाली, ऑरिन, दिवसभर माणसं माझ्या कानात ओरडतात. गाडीवर तरी कुणी कानात नको. एवढंच म्हणाली."

"तिनं मला म्हणायला हवं होतं."

"म्हणाली ना. आवाज कमी करून ठेवायची. तू वाढवायचास."

"तोंडानं म्हणायचं होतं!"

"ते तुमचं तुम्ही बघा. तुझा चेहरा पडेल म्हणून घाबरायची ती. तुला ते बोलणं किती आवडतं, सगळ्यांना दिसायचं."

'सगळ्यांना' हा शब्द व्हर्लिनला लागला. क्लबाच्या फेरीत ऑरिन नेहमी त्याच्या मागच्या जागी असायचा. "तू मागून बघायचास," तो म्हणाला. "मी बोलतोय, मान हलवतोय, आणि ती…"

"तुझं डावं कोपर," ऑरिन मान खाली घालून म्हणाला. "बटण दाबताना तुझं कोपर बाहेर येतं. आत गेलं की बोलणं संपलं. मग ती थोपटते. तिनंच शोधून काढलं ते."

"हसलात किती वेळा?"

"व्हर्ल, असं नको."

"किती वेळा?"

"एकदा," ऑरिन म्हणाला. "एकदाच. मी हसलो. तिनं मला असं झापलं की पुन्हा नाही. तिनं शब्द घेतला होता माझ्याकडून, गड्या. मी दिलेला शब्द पाळला."

"मला दिलेला एखादा शब्द तुला आठवतो का?" व्हर्लिन म्हणाला. ऑरिनला काही आठवलं नाही, कारण व्हर्लिनने त्याच्याकडून कधी शब्द घेतलाच नव्हता. घ्यावा लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. निघताना ऑरिनने कागदी पिशवीत अळंब्या भरून त्याच्या हातात कोंबल्या आणि त्यानेही त्या घेतल्या. न घेतल्या तर मार्लिस विचारील, ऑरिनकडून रिकाम्या हाताने कसा आलास.

तो घरी आला आणि कामाला लागला. दुसरं काय करायचं हे त्याला सुचेना. ऑरिनच्या गाठी त्याने पातळ पात्याने एकेक कापल्या. दोरा चिवट होता आणि मेणाचा वास अजून ताजा होता. नव्या वायरी ओढल्या, जोडल्या, स्पीकर बसवले. पण वायर जोडताना त्याला जोडल्याचा आनंद होत नव्हता. त्या कापलेल्या टोकांच्या मधल्या वर्षांत जे जे तो बोलला होता ते सगळं जणू सीटखालच्या त्या पोकळीत सांडून पडलं होतं, आणि ते हात घालून काढता येत नव्हतं. बापाची आठवण, कारखान्यातला अपमान, मूल झालं असतं तर त्याला गाडी शिकवली असती ते. तो घरी मुका होता, कारण त्याला वाटायचं, आपलं बोलून झालंय. निम्मी माहिती तिला आहेच, असं धरून तो तिच्याशी भांडायचा आणि तिला कळत नाही म्हणून रागवायचा. मग तिला तो कसा दिसत असेल? न बोलणारा, कारण नसताना चिडणारा एक म्हातारा. आपल्याला कुणी ओळखतं, या भरवशावर तो राहत होता, आणि घरात त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं. 'कुणी कानात नको.' रस्त्यावर रक्त गळत असलेला, घरात आग लागलेला, बायकोला मारून रडत बसलेला, त्या सगळ्यांच्या रांगेत तिने त्यालाही उभं केलं होतं. त्यांचे फोन तरी ती उचलत होती.

काम संपल्यावर त्याने तिचं हेल्मेट घातलं आणि मागच्या सीटवर बसला. या सीटवर तो आयुष्यात पहिल्यांदाच बसत होता. हेल्मेटमध्ये तिच्या हातांना लावायच्या मलमाचा वास होता. इथून हँडल फार लांब दिसत होतं. पोल्का सुरू केली तेव्हा अ‍ॅकॉर्डियनचा भाता फुगताना आत जाणारी हवासुद्धा ऐकू आली, त्याच्या निम्म्या कानांनासुद्धा. त्याला आपला आवाज इथे बसून कसा लागतो ते ऐकायचं होतं, पण बोलण्याचं बटण पुढे होतं. मागे बसून ते दाबता येत नव्हतं.

रात्री जेवताना त्याने अळंब्यांची ताटली तिच्यापुढे सरकवली. मार्लिस नोकरीच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगत होती, कामावरच्या मुलींनी केक आणलाय, त्याच्यावर साखरेचा फोन काढलाय. तिचे केस मागून एका बाजूला दबलेले होते, कामावरच्या हेडफोनची पट्टी बसते तिथे. ती थकलेली दिसत होती, आणि त्याला तिची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला.

"काय रे, गप्पसा?" ती म्हणाली. "तेल थांबलं का गळायचं?"

"थांबलं."

"ऑरिनला विचारलंस का?"

"विचारलं," तो म्हणाला. "तो म्हणाला, पूर्वीचंच काम आहे."

ती घास घेता घेता थांबली, असं त्याला वाटलं. कदाचित थांबली नसेलही. "मीठ दे," ती म्हणाली, आणि त्याने दिलं.

शनिवारी लख्ख ऊन होतं. मार्लिसला सकाळपासून गाणं सुचत होतं. ती मागे चढली, नेहमीप्रमाणे त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून बसली, हेल्मेटची वायर खटकन जागेवर लावली. नव्या स्पीकरांवर तिने हात फिरवला. "हे काय, नवीन?" ती म्हणाली, आणि तो हँडलवरचे हातमोजे ताणत म्हणाला, "जुने गंजले होते." त्याने संगीत लावलं नाही. गावाबाहेर पडेपर्यंत, कडे सुरू होईपर्यंत, पलीकडच्या पाणथळीत पेलिकन दिसेपर्यंत त्याने बटणाला अंगठा लावला नाही. कानात तिचा श्वास येत होता. नव्या यंत्रणेत तो इतका स्वच्छ येत होता की ती ओठ मिटते आणि उघडते ते कळत होतं. ती मजेत होती. त्याच्या पाठीमागे बसून, नदीकाठाने, कानात कुणी नसताना ती इतकी मजेत होती की एकदा तर ती अगदी हळू गुणगुणली. ती गाडीवर गुणगुणते, हे त्याला जुन्या स्पीकरांत कधी ऐकू आलं नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, सोडून द्यावं. तिचं हे सुख तिला राहू द्यावं, वायर आपणच पुन्हा कापावी. मग वाटलं, नाही, पुलावर गेल्यावर सगळं पुन्हा म्हणावं, डाग आणि भीती आणि सगळं, अगदी त्याच शब्दांत, आणि आता तिला ते ऐकू येईल. पण भीती तेव्हा होती. आता म्हटलं तर तो नुसता एक जुना किस्सा झाला असता.

पूल आला. निळे लोखंडी खांब दोन्ही बाजूंनी मागे जाऊ लागले, खाली पाणी चमकत होतं. व्हर्लिनचं डावं कोपर हिवाळ्यापासून आखडलेलं होतं. ते त्याने जरा बाहेर काढलं, झटकलं आणि पुन्हा आत घेतलं.

तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. दोनदा थोपटलं, आणि मग तो हात तिथेच राहिला.

"खरंय रे," मार्लिस म्हणाली, अगदी मायेने.

त्याने बटण दाबलं. "मी काहीच बोललो नव्हतो, मार्लिस."

खांद्यावरचा हात हलला नाही. कानातला श्वास मात्र थांबला, आणि त्या थांबण्यात वारा, चाकांखालचे लोखंडी सांधे, सगळं ऐकू येऊ लागलं. पुलाचे खांब जात राहिले.

"गाडी थांबव," ती म्हणाली.

"पुलावर थांबता येत नाही," तो म्हणाला.

ते मात्र दोघांनाही नीट ऐकू आलं.